फोटोत गोरक्षाचं तोंड दिसतंय

अकोले तालुक्याच्या डोंगरातून

धाकट्या भावास, कारभारीस थोरल्या बनूआक्काचा आशीर्वाद. मी धड हाय, नातू गोरक्षबी धड हाय. तुझा खोकला कसा हाय? बिड्या वढतच असशील.

हितले बाप्ये भले हायेत. ह्यांचा जीव बाईवर न्हाई, बाप्यावरच जडतो. गावानं हाकललं म्हनून डोंगर धरला. झऱ्यावर अंघुळी करत्यात, उंबराखाली बसून भजन म्हनत्यात. सैपाक मात्र बेचव, म्हनून गोरक्षामागं हितं आले तवा चूल मी घेतली.

परवा पुण्याचा फोटोवाला आला. मासिकात छापनार हाय. म्हनला, "ज्याला भ्या वाटतं त्यानं पाठ करून बसावं." समदे फिरले. आपला गोरक्ष जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकून समोर बघत बसला. मी वरडले, "मेल्या, फिर की! तुझा बाप बघंल." तर म्हनतो, "आज्जे, लई वर्सं पाठ करूनच बसलो."

तवापास्नं खाली एष्टी थांबली की कोन उतरलं ते बघाया मी चूल सोडून पळते. सहादेव माझ्याच पोटचा, पन पोराला घालवताना त्यानं कोयता उगारला हुता, तू बघितलंस. मासिक गावात आलं की तू आधी त्याच्या घरी जा. कोयता लपीव. भांडू नगं, ते तुझ्यानं व्हनार न्हाई.

त्याला एवढंच सांग, फोटो नीट बघ. तुझ्या पोराच्या म्होरं तुझी आई बसली हाय, कॅमेऱ्याकडं तोंड करून.

उत्तर टाक. तोवर जीवाला घोर हाय.

तुझी बनूआक्का