जावयाची खोली दहाव्या मजल्यावर

४ मे
क्रूझचं पक्कं झालं. मुंबईहून गोवा आणि परत मुंबई. तीन रात्री, आठ माणसं. सासरे-सासू म्हणजे मामंजी-आत्याबाई, महेश, मी, आमची स्वरा. शिवाय मनीषा, तिची सहा वर्षांची ओवी, आणि वि. नणंदेच्या नवऱ्याचं पूर्ण नाव या वहीत लिहायचं नाही, हे दिवाळीतच ठरवलंय. त्याने मनीषाचा दात पाडला तेव्हा. तिने सगळ्यांना सांगितलं, हातपंपाचा दांडा लागला.

मामंजींचं म्हणणं, "धोंड्याचा महिना लागायलाय. जावयाला घरी जेवू घालण्यापेक्षा समुद्रावर नेऊ. चार दिवस हवापालट झाला की माणूस निवळतो." मी म्हटलं, निवळायला ते काय गढूळ पाणी हाय का? महेशने टेबलाखाली पाय दाबला. माझा. त्याला दाबायला नेहमी माझाच पाय सापडतो, दाजींचा कधी नाही.

शाळेला सुट्ट्या म्हणून बुकिंगला मीच गेले. शेजारी शेजारी तीन खोल्या मागितल्या. एजंट म्हणाला, मधून दार असलेल्या पण मिळतात मॅडम. तेवढ्यात मामंजींचा फोन. "जावई अन् आपण एका रांगेत? बरं दिसतं का? त्यांना वरची घ्या, गॅलरीवाली." म्हणून वि. आणि मनीषा दहाव्या मजल्यावर. आम्ही पाचव्यावर, बिनखिडकीच्या खोल्यांत. फॉर्मवर सही माझी आहे.

१० मे
यादी: आधार कार्ड मूळ, झेरॉक्स चालत नाही. मुलींचंसुद्धा. उलटीच्या गोळ्या जहाज हलायच्या आधी घ्यायच्या, उलटी झाल्यावर उपयोग नाही. बीपीची औषधं हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. चाकू, इस्त्री, काडेपेटी, अडकित्ता बंद. बाहेरचं खाणं बंद.

आत्याबाईंनी तरी तेहतीस अनारसे तळले. "अनारसे म्हंजे खाणं हाय का? ते वाण हाय." महेशने दुकानातलं सगळ्यात जड पितळी ताम्हण आणलं, जावयाचे पाय धुवायला.

मनीषाचा सासरहून, पूर्णेहून फोन. इकडचं तिकडचं झालं, मग विचारते, "वहिनी, तिथल्या गॅलरीचा कठडा किती उंच असतो?"
कशाला गं?
"ओवी लहान हाय म्हणून."
ओवीचं नाव तिने जरा उशिरा घेतलं.

१५ मे
मनीषा आलीये. वेणी घालताना दिसलं, कानामागे रुपयाएवढी जागा मोकळी. केस मुळासकट उपटलेले. कडेला खपली. मी हात लावला तर शहारली आणि म्हणाली, "उष्णतेनं जायलेत."

महेशला सांगितलं. तो म्हणतो, "दोघांचं दोघं बघून घेतील. तू मधी पडू नको, तुझं तोंड लय चालतं." मी तांब्या भिंतीवर फेकला. भिंतीला पोपडा, तांब्याला पोचा. मला राग आला की मी भांडं फेकते, आणि या घरात भांड्यांना तोटा नाही. पण एकदा रागात मी शिकवते त्या चौथीतल्या एका मुलीच्या कानफटात मारली होती. तिचा गाल सुजलेला अजून दिसतो. त्याची लाज वाटते. म्हणून मला माहीत आहे, हात उठताना माणसाला सगळं कळत असतं. "भान राहिलं नाही" हे वि. चं दिवाळीत महेशला एकट्यात सांगितलेलं वाक्य साफ खोटं होतं.

तो पीतही नाही. सकाळी दोन तास पूजा, कपाळभर भस्म. दारू असती तर आमच्या घराला दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं.

२० मे, जहाजावर
तपासणीत अडकित्ता गेला, अनारशांचा डबाही गेला. आत्याबाई रडायच्या बाकी. मामंजींनी गळ्यातलं लिंग काढायला नकार दिला, शेवटी तपासणीवरच्या पोरीने हात जोडून तसंच सोडलं. ताम्हण मात्र पास. त्याचं काय करणार, हे कुणी विचारलंच नाही.

पहिल्या दिवशी सराव असतो, संकट आलं तर कुठे जमायचं त्याचा. सगळे नारिंगी जाकिटं घालून हसत फोटो काढत होते. मनीषा एकटी नीट ऐकत होती. भिंतीवरचे बाण कुठे जातात ते तिने बोटाने मोजलं.

लक्षात ठेवायचं: खोलीचं कार्ड प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं मिळतं. दार, जेवण, उतरणं-चढणं, सगळं त्यावरच. मनीषाचं कार्ड वि. च्या खिशात आहे. मी मागितलं तर हसून म्हणाला, "ती हरवते हो वहिनी." मीही हसले. हसायला नको होतं.

जहाज छान आहे. पाणी, वारा, लाडू ठेवल्यासारखे पोहायचे गोल गोल हौद. मला मजा येत होती हेही खरं.

२१ मे, सकाळ
धोंडा उरकला. दहाव्या मजल्यावरच्या खोलीत. दिवा लावता येत नाही, आग म्हणून. अनारसे नाहीत. वि. पलंगावर बसला, पाय ताम्हणात. मामंजी सत्तरीचे, गुडघे धरून खाली बसले आणि त्याचे पाय धुतले. अंगठ्यांवर हळदकुंकू. गळ्यात चेन. तो छताकडे बघत होता.

आत्याबाई पुटपुटल्या, वाणाला तेहतीस तरी काहीतरी पाहिजे. मनीषाचं तोंड उतरलं. तीच माझं कार्ड घेऊन स्वरासोबत पळत खालच्या काउंटरवर गेली, तेहतीस छोटे केक ताटात घेऊन आली. किती आनंदात होती. वि. ने एक खाल्ला, दुसरा अर्धा खाल्ला. तेवढ्यात स्वरा म्हणाली, "आत्या, याच्या पाटीवर तर अंड्याचं चित्र होतं."

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं खाल्लेलं नाही. वि. ने तोंडातला घास ताम्हणातल्या पाण्यात थुंकला, रुमालाने ओठ पुसले आणि हसला. "चुकून झालं. जाऊ द्या. तुमी गोवा बघून या, आमी आराम करतो."

मामंजी म्हणाले, बघा, किती मोठं मन. ताम्हण तिथेच राहिलं.

२२ मे, खोलीत कोंडून
हे सगळं सरळ लिहायचं.

काल दुपारी आम्ही गोव्यात उतरलो. माझं मन लागेना. मी महेशला म्हटलं, वर जाऊन ओवीला तरी घेऊन येऊ. म्हणे, राहू दे, जावयाला वाटंल आपण संशय घेतो. मी ऐकलं, गावात गेले. बाजार केला. टोप्या घेतल्या.

पाच वाजता परत. मी थेट दहाव्या मजल्यावर. लांब बोळ, गालिचा, आणि खोलीच्या दाराशी ओवी भिंतीला पाठ लावून बसलेली. चड्डी ओली. "पप्पा म्हणले बाहेर बस. मम्मीला शिक्षा हाय."

दार वाजवलं. लाथा घातल्या. वि. ने उघडलं, ओले केस, ताजं भस्म. "मनीषा बाथरूममधी पडली, झोपलीय." पलंग रिकामा होता. गॅलरीचं काचेचं दार आतून बंद, पडदा ओढलेला. मी पडदा सारला. ती बाहेर फरशीवर होती. बारा वाजल्यापासून, उन्हात. डावा हात कोपराखाली नको तिकडे वळलेला. ओठ फुटून सुकलेले. तोंडाभोवती केक चोळलेला, नाकातसुद्धा, आणि त्यावर मुंग्या नव्हत्या एवढंच. ती कठड्याला एका हाताने घट्ट धरून होती. मी दार सरकवलं तर म्हणाली, "वहिनी, मी उडी न्हाई मारली. ओवी बाहेर हाय म्हणून न्हाई मारली."

मागून वि. म्हणाला, "आमच्या दोघांतलं हाय. तुमी खाली जा."

ताम्हण टीपॉयवर होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. नाकाचा आवाज आला. तो खाली बसला तेव्हा परत मारलं, कानावर. तिसऱ्यांदा तो हात वर करून "वहिनी, वहिनी" म्हणत होता. तरी मारलं. भस्मावरून रक्त भुवईत उतरत होतं. मला बरं वाटलं. मन भरून बरं वाटलं. कुणी थांबवलं नसतं तर मी मारतच राहिले असते, हेही खरं.

पहारेकरी आले, दोघांनी मला धरलं.

जहाजावर दवाखाना असतो, खालच्या मजल्यावर. डॉक्टर तरुण मुलगी होती. मनीषाचा हात बघून तिने मला, महेशला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकटीला हिंदीत विचारलं, कोणी केलं? दार अर्धं उघडं होतं. मनीषा म्हणाली, "बाथरूम में पैर फिसला." दोनदा विचारलं, दोनदा तेच. मला तेव्हा मनीषालाही मारावंसं वाटलं.

त्यामुळे कागदोपत्री चित्र असं: बाई घसरून पडली, आणि तिच्या भावजयीने विनाकारण जावयाचं नाक फोडलं. बोळात कॅमेरा आहे, त्यात मी दाराला लाथा मारताना दिसते. खोलीत कॅमेरा नसतो. मुंबई येईपर्यंत मला खोलीबाहेर पडायचं नाही.

महेश पहाटे म्हणाला, "धोंड्यात जावयावर हात उचलला आपण." आपण म्हणाला, तेवढंच.

२४ मे, परभणी
बंदरावर उतरल्यावर सामानाच्या गर्दीत वि. ओवीला घेऊन गेला. आम्ही बॅगा मोजत बसलो. मनीषा प्लास्टरचा हात घेऊन फाटकापर्यंत धावली. पूर्णेहून त्याच्या भावाचा फोन: ओवी मजेत हाय, काळजी नको.

मामंजी माझ्या हातचा चहा घेत नाहीत.

२८ मे
पिंगळीच्या शाळेतल्या जोशी बाईंचा फोन. त्यांना काहीच माहीत नाही. "क्रूझ कशी झाली? आम्ही पण दिवाळीत जायचं म्हणतोय, सासरचे सगळे. काही टिप्स द्या ना." मी सांगितल्या. खोल्या एकाच मजल्यावर, मधून दार असलेल्या. कुणी मान-अपमान काढला तर त्याचं ऐकू नका. बायकांनी आपापलं कार्ड आपल्या गळ्यात ठेवायचं. मोबाइल चालत नाही, खोलीतल्या फोनवरून मदतीला कोणता आकडा दाबायचा तो मुलींना पाठ करून घ्या. दवाखान्यात गेलात तर कागद मागून घ्या. उतरताना आधी पोरं मोजा, मग बॅगा.
त्या म्हणाल्या, "अगं बाई, तुम्ही किती बारकाईने बघता! आणि जेवण?"
जेवण छान होतं म्हटलं. अंड्याचं विचारून घ्या.

फोन ठेवून मी मोरीत जाऊन ओरडले. नळ सोडून.

३१ मे
वि. ने माझ्या नावाने पोलिसांत अर्ज दिलाय. मनीषाचा जबाब मंगळवारी. त्याच्याकडून आज दोन माणसं येऊन गेली, पांढरे कपडे, गोड बोलणं. निरोप असा: मनीषाने जबाबात घसरले असंच सांगावं, वहिनीने पिसाळल्यासारखं मारलं असं सांगावं, की त्याच दिवशी ओवी तिच्या कुशीत. नाहीतर पोरगी बापाचीच.

मामंजी त्यांच्यासमोर मान हलवत होते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, म्हटलं, पोरीचा मोडलेला हात समोर दिसायलाय, अन् तुमी मान काय हलवता? मामंजी म्हणाले, "तू बोलू नको. तुझ्यामुळं झालं." महेश उठला. मला वाटलं, आता मला मारतो. त्याने त्या दोघांचे चहाचे कप उचलले, भरलेले, आणि मोरीत ओतले. "निघा," म्हणाला. दोघं गेल्यावर त्याने ते कप स्वतः विसळले. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हे पहिल्यांदा बघितलं.

माझं सांगायचं तर, खटला झाला की नोकरीतून निलंबन. त्याची भीती वाटते. खोटं कशाला बोलू, खूप वाटते. पण ओवीचं नाव घेतलं की मनीषाकडे बघवत नाही. मी तिला खरं बोल म्हणून सांगू शकत नाही. स्वरा अशी कुणी नेली असती तर मी काय काय खोटं बोलले असते.

१ जून
मनीषा संध्याकाळी एका हाताने ओवीचे कपडे घडी करत होती. मी विचारलं, उद्या काय सांगशील?
"वहिनी, तुमी मारलं तेव्हा त्याचं तोंड मी बघितलं. तो भ्याला होता."
मग?
"मला म्हाईत नव्हतं त्याला भिता येतं."
तिने घड्या मोडून परत घातल्या.

२ जून, पोलीस ठाणे, बाकड्यावर
पेन पर्समधलं आहे, कागद स्वराच्या वहीचा. अकरा वाजलेत. मामंजी आले नाहीत. आत्याबाई आल्या, कुणाला न सांगता, रिक्षाने. समोरच्या बाकावर वि., नाकावर पट्टी, शेजारी ओवी. तिला नवा फ्रॉक घातलाय. तिने मला बघितलं आणि लगेच बापाकडे बघितलं, बघितलेलं चालतं का म्हणून. माझ्या मुठी वळल्या. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

मनीषाला आत बोलावलं. जाताना तिने ओवीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. दार लोटलेलं आहे, बाई हवालदाराचा आवाज येतो. नाव विचारलं, तिने सांगितलं. वय सांगितलं. गाव सांगितलं. मग विचारलं, हा हात कशानं मोडला?

बाहेर आम्ही सगळे ऐकतोय. तोसुद्धा. आत अजून कुणी काही बोललेलं नाही.