चोलपानला डोंगरावर सोडलं तेव्हा

तोन खोरं,
१९ ऑक्टोबर १९८५

प्रिय उलजान वहिनी,

सलाम. तुम्ही नारीनला सुखरूप पोचलात, दादाची तार मिळाली. खिंडीत बर्फ लागलं नाही हे बरं झालं. इकडे बटाटे काढून झाले. आई गुडघा धरून बसते आणि बसल्या जागेवरून सगळ्यांवर हुकूम सोडते, म्हणजे तब्येत चांगली आहे असं समजायचं.

बाबांच्या मातीला आलेले पाहुणे पांगले, अंगणातला लोकरी नमद्याचा शोकाचा तंबू उतरवला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. बाबांची कामाची खोली काल उघडली. एका खोगिराचा सांगाडा तसाच पडून होता, लाकडावर कातडं चढवायचं राहिलेलं. ओलं कातडं ताणून शिवलं की वाळताना ते स्वतःच लाकडाला आवळून धरतं, खिळा लागत नाही. मी शिवायला बसले. पहिला टाका घातला आणि थांबले. आता पाठीमागून आवाज येणार, "पोरी, कातडं आहे ते, नवरदेव नाही. लाजू नकोस, ओढ." आवाज आला नाही. मग ओढलं. खोगीर शेजारच्या सापारबायचं आहे. तो रोज कुंपणाशी येऊन खोकतो, मागायचा धीर होत नाही त्याला.

या माणसानं मला किती दिलं! गिऱ्हाईक कितीही मोठं असो, बाबा आधी घोड्याकडे जायचे, डोळे मिटून त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. "माणूस टोचलं तर बोंबलेल. जे बोलत नाही त्याचं आधी ऐकायचं," असं म्हणायचे. थंडीत मला मागे बसवून शिकारीला न्यायचे. बर्फात कोल्ह्याची ताजी पावलं दिसली की एवढा मोठा माणूस पोरासारखा कुजबुजायला लागायचा. मग हातावरच्या चोलपानच्या डोळ्यांवरची कातडी टोपी काढायचे, आणि ती गरुडमादी उतारावरून अशी सुटायची की माझाच श्वास अडकायचा. मला कशाची म्हणून उणीव पडली नाही, वहिनी. हे तुम्हाला आधी सांगायचं होतं.

पण खरं घोडं इथेच पेंड खातं. तंबूत आपण दोघी शोकाच्या रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून शेजारी बसलो होतो. तुम्ही असा टाहो फोडलात की बायका म्हणाल्या, सासऱ्यासाठी इतकं रडणारी सून आता मिळायची नाही. इतकी वर्षं मी तुमचा आवाज वर चढलेला ऐकला नव्हता. तुम्ही नुसत्या बाबांसाठी रडत नव्हतात, हे मला कळत होतं. तरी ट्रकमध्ये चढताना तुम्ही खाली मान घालून एवढंच म्हणालात, "येते हं, वन्सं."

पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही आपली रीत. म्हणून मी आजोबांना बाबा म्हणाले, आजीला आई, बापाला दादा आणि जन्म दिलेल्या आईला वहिनी. आणि तुम्ही पोटच्या पोरीला वन्सं म्हणत आलात. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

उन्हाळा सरताना बाबांनी चोलपानला सोडलं. घरट्यातून आणलेला पक्षी काही वर्षं वापरायचा आणि डोंगराला परत द्यायचा, हाही रिवाजच. पण बाबा दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचे. आई टोमणे मारायची, की माझ्यापेक्षा तिच्याशी जास्त संसार केलात. शेवटी दम लागत असतानाही घोड्यावर बसले आणि मला घेऊन कड्यावर आले. स्वतः शिवलेले तिच्या पायांतले पट्टे स्वतःच कापले, ससा पुढे टाकला, आणि ती खात असताना आम्ही चोरासारखे खडकामागे जाऊन बसलो.

तिथे ते बोलले. त्यांचेच शब्द लिहिते.

"हिला काढली तेव्हा हिची आई दिवसभर माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होती. ओरडत होती. टोपी फाडली तिनं माझी. आणि तुला आणायला गेलो, तर तुझ्या आईनं चहा केला. तुझे कपडे बांधून दिले. मी निघालो तेव्हा माझी रिकीब धरली. मला वाटलं, काय गुणाची सून आहे. ओरडली नाही, म्हणून मी समजलो हिचं काही गेलंच नाही."

मी गमतीवर नेलं. म्हटलं, आता मलाही सोडायला आणलंत की काय? ते हसले नाहीत.

"तुला सोडायची माझी छाती झाली नाही. जन्मभर घोड्यांच्या पाठी चाचपल्या, आणि दारातल्या त्या मुक्या पोरीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. तुझं नाव तिनं ठेवलेलं. तेवढं मी बदललं नाही."

चोलपान उडाली, एकदा आमच्यावरून फिरली आणि पलीकडच्या दरीत गेली. बाबा किती तरी वेळ रिकाम्या आभाळाकडे बघत होते. घरी येताना मात्र गुणगुणत होते. त्यानंतर महिन्याभरात गेले.

मला त्यांचा राग नाही. त्यांनी मला जीव लावला, कातडं शिवायला शिकवलं, आणि जाताना स्वतःची चूक माझ्यापासून लपवली नाही. असा माणूस मिळायला भाग्य लागतं. आणि तो तुमच्या गप्प राहण्यामुळे मला मिळाला, हेही मला आता कळतं.

आईला हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "लिही. मी अजून मेले नाहीये, पण वाटून घ्यायला माझी ना नाही." मग डोळे पुसून बाबांच्या नावानं कणकेचे बोर्सोक तळायला उठली.

भिंतीवर माझं लहानपणीचं खोगीर आहे. बाबांनी मला त्याच्यात बांधून तुमच्या दारातून आणलं होतं. गावाला सगळं उसनं दिलं, हे कधी दिलं नाही. ते मी पुसून ठेवलंय. बाबांच्या चाळिसाव्या दिवसानंतर ते घेऊन थंडीभर नारीनला यावं म्हणते. आईही येईल, तिला मागे कोण ठेवणार!

एकच मागणं आहे. चाळिसाव्याला येशील तेव्हा फाटकातच थांब. मी अंगणात असेन, सगळा गाव असेल. वन्सं म्हणू नकोस. तू ठेवलेल्या नावानं मला हाक मार, होईल तितक्या मोठ्यानं.

तुझी,
बेगायिम