चिंधीनं पुसलेली पावलं

बाबा, आमच्या काल्हेरच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर आज सकाळी कोरडी फिरत होती. वॉचमन बटण दाबून गेटवर विडी ओढत बसला होता. मी तिसऱ्या मजल्यावर पोहे भिजवत होते आणि आवाज कानावर आला. पाणी ओढताना असतो तसा भरलेला नाही, वरच्या पट्टीतला, पोकळ. तशीच अनवाणी खाली धावले आणि बटण बंद केलं. वॉचमन म्हणाला, "आंटी, आपको ऊपर कैसे समझा?" त्याला मी काही सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

शेठचा बंगला आपल्या कोन गावापासून चालत पंधरा मिनिटांवर, कल्याण रोडला. मागे निळ्या लादीचा पोहण्याचा तलाव होता, पण गावात सगळे त्याला शेठचा हौदच म्हणायचे. तू त्याच्या भिवंडीतल्या लूमवर फिटर होतास. आणीबाणी लागली त्या साली त्यानं तुला लूमवरून काढून हौदाच्या मोटरीवर ठेवलं. पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या डब्यातला पाला काढायचा, शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून, ती थंड राहण्यापुरतं, थेंब थेंब पाणी गळतंय ना बघायचं, पाणी गाळणाऱ्या वाळूच्या टाकीतून आठवड्यातून एकदा उलटं पाणी मारायचं. पण सगळ्यात आधी, बटणाला हात लावण्याच्या आधी, पंपात तांब्या तांब्यानं पाणी ओतायचं. त्याला तू पाणी पाजणं म्हणायचास. बंगल्यावरचा चहा समोर आला तरी तू तो बाजूला ठेवायचास. "आदी ती पिल, मंग मी." घरी आलास की आई भाकरी थापता थापता विचारायची, "माझी सवत काय म्हनते? प्याली का पानी?" आणि तू म्हणायचास, "प्याली. तुज्यावानी कुरकुर न्हाय करत." आई हसायची, मीही हसायचे. मोटरीचा मला कधीच हेवा वाटला नाही.

हेवा वाटला तो शेठच्या मुलीचा. ती माझ्याच वयाची, अकराची. मे महिन्याच्या सुट्टीत मी तुझा जेवणाचा डबा घेऊन यायचे आणि पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसायचे. ती पाण्यातून निथळत यायची, लादीवर तिच्या पावलांची ओली रांग उमटायची. तू तुझा लाकडी मुठीचा पेचकस तिच्या हातात द्यायचास, त्याचं टोक मोटरीच्या बेअरिंगवर टेकवायचास आणि मूठ तिच्या कानाला लावायचास. "ऐक, बाय. बेअरिंग गाते का रडते?" ती डोळे मिटून म्हणायची, "गाती है, चाचा." "मंग बरी हाय. आवाज बदलला का धावत येऊन सांगायचं मला."

बाय. आपल्याकडे हा शब्द बाप आपल्या लेकीला म्हणतो. मला तू थोरले म्हणायचास. थोरले, पानी आन. थोरले, धाकट्यांना बघ. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "शेठच्या पोरीला नावानं कशी हाक मारंल? बेबी म्हनाया त्याची जीभ वळत न्हाय, म्हनून बाय." आईचं खरं असेल. पण मी तो शब्द तुझ्या तोंडून ऐकलेला होता, तो जीभ वळत नाही म्हणून आलेला नव्हता. एकदा मी पेचकस मागितला. तू म्हणालास, "लांब ऱ्हा थोरले, फ्राक अडकंल." आता कळतं की फिरत्या शाफ्टपाशी माझा घेरदार फ्रॉक खरंच अडकला असता, आणि तिचा पोहण्याचा कपडा अंगाला चिकटलेला, त्यात अडकण्यासारखं काही नव्हतं. कळतं, पण कळल्यानं काही कमी होत नाही.

त्या दिवशी मोटर चालू आहे. ब्लिचिंग पावडरीची पोती आली म्हणून तू गेटवर गेला आहेस. मी पायरीवरून उठते आणि आत जाते. जाळीच्या डब्याच्या झाकणावर दोन कानांचा नट आहे, तो तू हातानंच आवळतोस, हे मी शंभरदा पाहिलेलं आहे. मी तो सैल करते. झाकण सुस्कारा टाकतं, हवा आत जाते. मी परत येऊन पायरीवर बसते, डबा मांडीवर घेते. माझे पाय कोरडे आहेत. आवाज चढत जातो, पोकळ होत जातो. मग ती पाण्यातून बाहेर येते, ओल्या पायांनी खोलीत शिरते, मोटरीपाशी क्षणभर उभी राहते आणि गेटकडे धावत सुटते. "चाचा, चाचा, गाना बंद हो गया."

तू सांगितलं होतंस तेच तिनं केलं. तुझी विद्या तिला आली होती.

तू धावत आलास, बटण बंद केलंस. ग्लँड जळल्याचा वास सगळीकडे भरलेला. तू सैल नट पाहिलास, मग मोटरीपर्यंत आलेली ओली पावलं पाहिलीस, मग दारात उभ्या असलेल्या तिच्याकडे. माझ्याकडे तू पाहिलंच नाहीस. शेठचा आवाज बंगल्यातून येत होता. त्याचा हात जड होता; एकदा तिच्या गालावर उठलेली बोटं आपण दोघांनी पाहिली होती. तू नट आवळलास, कोपऱ्यातली लूमची चिंधी घेतलीस आणि गुडघ्यांवर बसून ती पावलं पुसलीस, एकेक, दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी शेठचे मुंबईचे पाहुणे पोहायला येणार होते. तो ओरडला, "पानी डालना भूल गया क्या?"

"हां शेठ," तू म्हणालास. "मेरीच गलती. भूल गया."

तू, जो स्वतःचा चहा विसरायचास पण मोटरीचं पाणी कधी नाही. पायरीवर बसून मी ते ऐकलं, आणि मला तुझी कीव आली नाही, भीतीही वाटली नाही. माझ्या मनात एवढंच आलं, हा तिच्यासाठी खोटं बोलला.

पुढच्या सोमवारी तू पुन्हा लूमवर. अठरा वर्षं तुझ्या कानांशी लूम खडखडत राहिले. ज्या कानांना बेअरिंगचं गाणं आणि रडणं वेगळं ऐकू यायचं, त्यांतला आधी एक गेला, मग दुसराही. तुला काही सांगायचं तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडावं लागे, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी आपण घरात पाटी ठेवली. चहा घेणार का. डॉक्टर उद्या. तू वाचायचास, मान हलवायचास.

एका दुपारी आई बाहेर गेलेली असताना मी पाटीवर लिहिलं, "नट मी सोडला होता." तू खाटेवर चष्मा शोधत होतास. चष्मा उशीखाली होता, मला दिसत होता, मी दिला नाही. तुझ्या हाताला तो लागायच्या आत मी पदरानं पाटी पुसली.

तू रागावशील म्हणून नाही, बाबा. मला तुझ्या तोंडचं पहिलं वाक्य माहीत होतं. तू म्हणाला असतास, "म्हंजे बायनं न्हाय केलं," आणि तुझा चेहरा उजळला असता. तो मला बघायचा नव्हता.