जावयास पाय न लावणारा मॅनेजर

प्रति,
मे. मामलेदार साहेब, तालुका चाळीसगाव, जिल्हा पूर्व खानदेश,
तथा अध्यक्ष, श्री मारुती फुटबॉल क्लब, मौजे सावरखेडे
यांचे सेवेशी.

अर्जदार: सुकदेव फकिरा बोरसे, वय ५२, धंदा शेती, राहणार मौजे सावरखेडे.

विषय: क्लबाचे माजी मॅनेजर भाईदास यांस परत घ्यावे की न घ्यावे या वादाबाबत, व त्यापायी अर्जदाराची विवाहित कन्या माहेरी अडकून पडल्याबाबत.

संदर्भ: (१) अर्जदाराचा अर्ज, ता. ६ जुलै १९३६. (२) आपले उत्तर, की सदर प्रकरण शेतसाऱ्यात बसत नाही, तथापि अध्यक्ष या नात्याने आपण ता. २० सप्टेंबर रोजी गावी येऊन तंट्याचे मूळ कोण याची चौकशी कराल.

महोदय,

१. अर्जदार विनंतीपूर्वक कळवितो की, फुटबॉल हा खेळ आमचे गावी सहा वर्षांपूर्वी चाळीसगाव जंक्शनवर कामास जाणाऱ्या पोरांनी आणला. त्यापूर्वी गावात भांडणास बांध, विहीर आणि सोयरीक एवढीच कारणे होती, व ती पुरत होती. खेळास गायरान लागले, गायरानास कचेरीची परवानगी लागली, आणि परवानगी देताना आपल्या आधीच्या साहेबांनी दोन अटी घातल्या. एक, क्लबाचे अध्यक्षपद मामलेदाराकडे राहील. दोन, खेळापायी गावात तंटा होता कामा नये. पैकी पहिली अट आजवर काटेकोर पाळली गेली आहे.

२. माजी मॅनेजर भाईदास सोनवणे हे देवमाणूस. त्यांच्या तीन वर्षांत क्लब अकरा सामने खेळला. दहा हरला, आणि अकरावा बरोबरीत सुटला, कारण समोरच्या संघाची मोटार वाटेत बंद पडली होती. पाहुण्या संघास सामन्याआधी वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत पोटभर जेवू घालायचे, आणि पाहुण्यांना एकट्याने जेवायला लाज वाटू नये म्हणून आपल्याही अकरा जणांना पंगतीस बसवायचे, असा त्यांचा शिरस्ता. पाहुणे लाजून बेताने खात. आपली पोरे घरच्याच पंगतीत कशाला लाजतील? ती मैदानात उभी राहत हेच पुष्कळ.

३. भाईदास यांचा दुसरा शिरस्ता असा की, गावच्या जावयास मैदानात पाय लावायचा नाही. एकाचा जावई तो साऱ्या गावाचा जावई, आणि जावयास पाय लावणे हे आपल्या मुलखात कोणत्या पोथीत बसते? आता अडचण एवढीच की, अर्जदाराची कन्या सौ. सुंदरबाई शिंदखेड्यास दिली असून जावई श्री. रुपचंद देवरे हे शिंदखेड्याच्या संघात पुढच्या फळीस खेळतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आखाजी सरली की जावई न्यायला येतात, म्हणून शिंदखेड्याबरोबरचा सामना दर वर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ठेवलेला. गेल्या वर्षीच्या सामन्यात जावयांनी सात गोल केले. ते बॉल घेऊन आले की आमचे गडी वाट देऊन बाजूला उभे राहत. अर्जदाराचा मुलगा उखर्डू गोलात होता. त्याने मेहुण्यास "या पाव्हना, या, बठ्ठं तुमनंच शे", सगळे तुमचेच आहे, असे म्हणून खांबास टेकून जागा करून दिल्याचे शंभर लोकांनी पाहिले. त्याच दिवशी भाईदास यांस काढण्यात आले.

४. त्यांच्या जागी इसाकमिया आले. इसाकमिया हे धंद्याने शिवणकाम करणारे, गावाचे निम्मे सदरे त्यांच्या हातचे. कापड कमी आणलेत तर गिऱ्हाईकाच्या सात पिढ्या मोजतील अशी जीभ. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले की सामना होईस्तोवर भाकरीस हात लावायचा नाही आणि बॉलला सोयरेधायरे नसतात. उपाशीपोटी आमची पोरे वाघासारखी पळाली. चाळीसगावास हरवले, धुळ्याच्या एका संघास त्यांच्या गावी जाऊन हरवले. लोक म्हणू लागले, वा रे इसाकमिया! गावात जिंकण्याची सवय कोणासच नव्हती, त्यामुळे ती फार लवकर डोक्यात गेली.

५. यंदाच्या आखाजीस शिंदखेड्याचा संघ आला. जावयांनी अर्जदाराने सणाची दिलेली नवी काळी टोपी डोक्यावर ठेवूनच खेळ केला, हे त्यांचे मोठेपण. दोन्हीकडे दोन-दोन गोल, पाच मिनिटे बाकी, आणि जावई बॉल घेऊन एकटे निघाले. तेवढ्यात आमचा मागच्या फळीचा गडी झुलाल याने त्यांस आडवे पाडले. पाय मुरगळला तो एक वेळ परवडला, पण टोपी उडाली आणि झुलालचाच पाय तिच्यावर पडला. मॅनेजरने बाहेरून ओरडून हुकूम दिला म्हणून पाडले असे पुढे गावभर झाले. घरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस तयार होता. जावई जेवले नाहीत, उंबऱ्यासही आले नाहीत. लंगडत मोटारीत बसले आणि गेले. बायको इथेच. आठव्या दिवशी कार्ड आले, की ज्या गावात जावयाची टोपी पायाखाली जाते तिथे आम्ही पाऊल ठेवणार नाही, भाईदास भाऊ पुन्हा मॅनेजर झाले तर बघू.

६. साहेब, त्या दिवसापासून गावात दोन पक्ष आहेत. भाईदासवाले म्हणतात, माणूस परत आणा, गावाची अब्रू वाचेल, शिवाय भरीत मिळेल. इसाकवाले म्हणतात, अब्रू गोलात असते. रोज दिवस मावळायच्या आत पारावर सभा भरते आणि ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नाही ते सर्वांत मोठ्याने बोलतात. न्हावी भाईदासवाला असल्याने इसाकवाल्यांच्या दाढ्या वाढल्या आहेत. एकाने ठरलेली बैलजोडी परत नेली, कारण घेणारा "बॉलला सोयरे नसतात" असे म्हणाला. शाळेत मास्तरांनी वजाबाकी शिकवताना भाईदास यांच्या काळचे गोल घेतले आणि उत्तर शून्याखाली गेले, म्हणून दोन बापांनी मुले शाळेतून काढली.

७. शेवटी तोडगा म्हणून मत घेण्याचे ठरले. भाईदास यांस आणा म्हणणाऱ्यांनी मडक्यात तुरीचा दाणा टाकायचा, नको म्हणणाऱ्यांनी ज्वारीचा. दिवसभर सारा गाव टाकून गेला. मोजायच्या वेळी पंच चहास गेले आणि भागाबाईंच्या शेळीने मडके साफ केले. भागाबाई या भाईदास यांच्या मावशी. शेळी इसाकवाल्यांच्या मळ्यात चरते. तेव्हा शेळी कोणाच्या बाजूची यावर आणखी तीन सभा झाल्या. स्वतः भाईदास यांस कोणी विचारले नव्हते. अर्जदाराने विचारले, तर ते म्हणाले, येतो, पण भरिताची वांगी आसोद्याचीच पाहिजेत.

८. या साऱ्यात अर्जदाराची लेक पावणेपाच महिने माहेरी आहे. ती पाण्यास गेली की बाया हसून विचारतात, "काय ओ सुंदरबाई, तुमनी आखाजी सरनी नही का अजून?" तिने विहिरीची वाट बदलली. आता लांबच्या विहिरीवर जाते आणि लांबची विहीर बरी आहे म्हणून सांगते. तिची आई ताईबाई चुलीपुढे बसून रडते आणि धूर लागला म्हणते. घरात दोघी दोन तऱ्हेचे खोटे बोलतात आणि अर्जदार ऐकून घेतो. सबब इसाक यांस तात्काळ काढून, भाईदास यांस नेमल्याचा लेखी हुकूम व्हावा, म्हणजे तो शिंदखेड्यास दाखवून

९. साहेब, कलम आठ इथे तुटले आहे, ते तसेच वाचावे. अर्जदार काल रविवारी दुपारी इथपर्यंत लिहून आला आणि भाषा पुरेशी कडक झाली की नाही हे पाहण्यासाठी लेकीस वाचून दाखवले. ती ज्वारी निवडत होती. तिने सगळे ऐकले, शेळीच्या कलमापाशी थोडी हसली सुद्धा. नंतर मान वर न करता म्हणाली, "तो आवाज तुमना व्हता, आबा. मी तव्हयच वळखा."

१०. तेव्हा अर्जदार लिहून देतो की, ता. ६ जुलैच्या अर्जात इसाकमियांनी ओरडून हुकूम दिला असे जे लिहिले आहे, ते साफ खोटे आहे. इसाकमिया त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकास होते. खरी हकीगत अशी. सहा वर्षांत शिंदखेड्यास एकदाही हरवले नव्हते, पाच मिनिटे उरली होती, समोरून एक माणूस बॉल घेऊन येत होता, आणि तो कोण आहे हे अर्जदार त्या घटकेस विसरला. जन्माची अक्कल चरायला गेली म्हणतात ना, तसे झाले. "त्याले पाड रे झुलाल!" हे शब्द अर्जदाराच्या तोंडचे. झुलाल बिचारा शब्दाबाहेर जाणारा नाही. वडीलधारे माणूस सांगते, त्यातून खुद्द सासरा सांगतो, म्हटल्यावर त्याने पाडले. टोपी पायाखाली गेली तेव्हा अर्जदार शुद्धीवर आला, आणि पहिले काम त्याने हे केले की लोकांबरोबर इसाकमियांकडे बोट दाखवले. जीभ तिखट म्हणून त्यांच्यावर ते लगेच खपले.

११. इसाकमियांनी आवाज ओळखला होता. त्यांना सभेत विचारले तेव्हा ते सुईत दोरा घालत म्हणाले, ज्याने म्हटले त्याला ठाऊक. याखेरीज एरवी शिव्यांचा पाऊस पाडणारा तो माणूस पावणेपाच महिने एक शब्द बोलला नाही. अर्जदाराच्या मुलीचे घर मोडेल म्हणून बोलला नाही, हे अर्जदारास काल कळले. कळायला सुंदरबाईने सांगावे लागले. आज सकाळी अर्जदार त्यांच्या दुकानी गेला. त्यांनी बसायला सांगितले आणि सदऱ्याचे माप घेऊ लागले. म्हणाले, जावयाकडे जाताना नीट कपडे घालून जावे, तोंड तर तसे दाखवण्यासारखे राहिलेले नाही. अर्जदारास राग आला नाही. लाज वाटली, आणि फार बरेही वाटले.

१२. उद्याच्या गाडीने अर्जदार धुळ्यापर्यंत आणि पुढे मोटारीने शिंदखेड्यास जात आहे. सुंदरबाई बरोबर येणार आहे. सासऱ्याने जावयाच्या दारी जाऊन हात जोडायचे, हे आमच्या घराण्यात कोणी केलेले नाही. भावकी नाके मुरडील, मुरडू दे. जावई काय म्हणतील ते ठाऊक नाही. "चुकलो" हा एक शब्द अर्जदाराने सकाळपासून गोठ्यात बैलांपुढे म्हणून पाहिला आहे. बैलांपुढे जमतो.

१३. सबब विनंती की, मॅनेजर भाईदास असावेत की इसाकमिया, हे गावास आणखी सहा वर्षे भांडू द्यावे. लोकांना दुसरे काम नाही. परंतु अर्जदाराच्या सांगण्यावरून इसाकमियांस काढण्याचे काहीही कारण नाही, असे त्यांस आपल्या सहीने कळवावे. आणि तंट्याचे मूळ कोण याच्या चौकशीसाठी आपण वीस तारखेस एवढी तसदी घेऊन येऊ नये. मूळ खाली सही करीत आहे.

आपला नम्र (या खेपेस खरोखरच),
सुकदेव फकिरा बोरसे

मौजे सावरखेडे, ता. १४ सप्टेंबर १९३६