उजेडात धरलेलं बाळ

२७ जानेवारी, मंगळवार

बिघडलं! ओव्हनमधून बाहुलीचं डोकं काढलं आणि खालीच बसले. गव्हाळ करायला गेले, झालं पिवळं.

रंगाचा एकेक पातळ हात द्यायचा, भाजायचं, गार होऊ द्यायचं, मग पुढचा हात. एकदा भाजला की रंग निघत नाही, व्हिनाईलला कितीही घासा. व्हिडिओतल्या बाया गोरी गुलाबी बाळं रंगवतात. तसलं बाळ आमच्या जालन्यात कुणी पाहिलंय? म्हणून प्रत्येक हातात जरासा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घातला. जरासा — असं म्हणत म्हणत सगळं डोकं हातचं गेलं.

त्यात ही राधेश्यामच्या फोटो स्टुडिओची पहिली ऑर्डर. तान्ह्या बाळांचे फोटो काढतो तो. कसं धरायचं, कसं गुंडाळायचं, याचा सराव करायला त्याला हुबेहूब बाळ हवंय. आता त्याला काय सांगू?

३० जानेवारी

काही सांगितलं नाही. ट्यूबच्या उजेडात फोटो काढला आणि पाठवून दिला. वाटलं, चालून जाईल. पाच मिनिटांत फोन — "मॅडम, बाळ आजारी दिसून राह्यलं. कावीळ झाल्यावाणी. दुसरं करा, मला जल्दी न्हाई."

नागसेन शाळेत शिकवून घरी आला तर त्याला हसू आवरेना. म्हणे, फेकू नको, दवाखान्यात दाखव! नवरा आहे म्हणून सोडला.

१ फेब्रुवारी, रविवार

चूक कुठं झाली ते आज कळलं. धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले तेव्हा ते डोकं आणि न रंगवलेला एक पाय, दोन्ही पांढऱ्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. बाप रे! एवढा फरक आणि मला दिसला नाही? रोज त्याच्यासमोर बसून होते. पिवळं रोज थोडं वाढत होतं आणि नजर रोज तेवढीच सरावत होती. नागसेनही रोज बघायचा, त्यालाही काही वाटलं नाही. राधेश्यामनं एकदाच पाहिलं आणि ओळखलं.

यापुढे खोलीत बघायचं नाही. उजेडात, पांढऱ्यावर ठेवून बघायचं. आणि मधे दोन दिवस तोंड फिरवायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रीती बाळंत झाली! मुलगी. दोघी सुखरूप.

माझी धाकटी बहीण आई झाली. आणि मी — जाऊ दे. आनंद झालाय. खरंच झालाय.

हसनाबादहून आईचा फोन होता. "ये बाई बघायला. पण तुझं ते मेल्यावाणी पडलेलं बाहुलं आणू नको. बाळंतिणीचं घर हाय." मी कधी नेलं होतं?

८ फेब्रुवारी, रविवार

प्रीती दवाखान्यातून आईकडे आली, म्हणून जाऊन आले. काय बोटं! काय नखं! पापणीवर केसाएवढी एक शीर. मी ब्रश घेऊन महिनोन् महिने जे गिरवते ते इथं दुपट्यात आयतं झोपलेलं.

आई बाळाचे कान बघत होती. "कानाच्या पाळ्या पाह्य. सावळी निघंल पोरगी." खरंच की, कानाच्या कडा बाकी अंगापेक्षा गडद होत्या. आणि मी गाढव आजवर कान गुलाबी रंगवत आले!

आम्ही सटवाई-बिटवाई काही मानत नाही. बाराव्या दिवशी नामकरण त्रिशरण-पंचशील घेऊन होणार. पण गालावर तीट मात्र आईनं रुपयाएवढी लावली होती.

११ फेब्रुवारी

नव्या डोक्याच्या कानांच्या कडा किंचित गडद केल्या. जीवच आला त्याच्यात!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

झबली द्यायला हसनाबादला गेले होते. लिहू की नको? लिहिते. बाळ मला पिवळं दिसलं.

खिडकीला गोधडी बांधलेली, आत पिवळा बल्ब. म्हणून पुन्हा पुन्हा बघितलं. कपाळ, नाक, छाती. आईला विचारलं, रंग असा का गं? तर म्हणाली, "हळद हाय ती. रोज साय-हळद चोळून राह्यले. रंग उजळतो पोरीचा." आणि कौतुकानं पुढं — "लई गुणी लेकरू. बिलकुल रडत न्हाई. दुधालाबी उठवावं लागतं."

प्रीती हसली. मीही हसले. चहा घेतला आणि निघून आले.

१३ फेब्रुवारी

कशात लक्ष लागत नाही. भिंत पिवळी दिसते, भाकरी पिवळी दिसते. माझीच नजर बिघडली असेल. इतके दिवस पिवळ्याशीच झगडतेय, मग दुसरं काय दिसणार? आई सांगते हळद, तर हळदच असेल. तिनं किती बाळं न्हाऊ घातलीत, मी किती? एकही नाही.

व्हिडिओ कॉल केला. बल्बखाली प्रीतीही पिवळी, उशीही पिवळी. काय कळणार!

आणि म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? मूल नसलेली मोठी बहीण, घरभर बाहुली घेऊन बसलेली, ती येऊन तान्ह्या बाळाला आजारी म्हणणार. गल्लीतल्या बाया काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. प्रीतीला काय वाटेल ते तर विचारूच नये.

नागसेनला सांगितलं. आज तो हसला नाही. म्हणाला, "बोल मंग. खोटं निघालं तर शिव्या खाशील. खरं निघालं तर?"

दुधाला उठवावं लागतं. तेवढंच डोक्यात फिरतंय. भीती वाटते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच दोघं हसनाबादला गेलो. प्रीतीला म्हटलं, बाळाला जरा अंगणात आणू, ऊन कोवळं आहे. पांढऱ्या चादरीवर ठेवलं. उजेडात लपवायला जागाच नव्हती. पोट पिवळं, मांड्या पिवळ्या. प्रीतीचा हात शेजारी धरला तर फरक डोळ्यात खुपला. आई आतून ओरडली, "हळद हाय म्हणलं ना!"

मग मी कोमट पाण्यात पांढरं फडकं बुडवून बाळाचं पोट पुसलं. हलक्या हातानं. पुन्हा पुसलं. फडकं पांढरंच राहिलं.

बाळ रडलंसुद्धा नाही. गार वाऱ्यात, ओल्या फडक्यानं पुसून!

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. प्रीतीनं बाळ हिसकावून छातीशी धरलं. "ताई, तुला न्हाई ना, म्हणून तुला माझ्या लेकरात खोट दिसून राह्यली! तुझ्या बाहुल्याला नेऊन दाखव जा दवाखान्यात!"

लागलं. खूप लागलं. एरवी रडत घरी आले असते. आज मला वेळ नव्हता. म्हटलं, मला काय बोलायचं ते गाडीत बोल, जन्मभर बोल, पण गाडीत बस. नागसेननं चौकातून गाडी आणलीच होती.

आई ओट्यावर उभी होती. मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुरू होणार. ती चपला घालून गाडीत येऊन बसली.

जालन्याला आलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. कावीळ बरीच वाढलेली. बाळ सुस्त आहे, मेंदूपर्यंत गेली का ते आत्ता सांगता येत नाही, म्हणाले. मी त्यांना विचारलं, परवा आणलं असतं तर? ते म्हणाले, आता आणलंय ना.

परवाच दिसलं होतं मला. आणि मी चहा पिऊन आले.

१५ फेब्रुवारी

डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, वरून निळा उजेड. काचेतून बघायचं. रक्त पुन्हा तपासलं, थोडं उतरलंय. थोडं! हा शब्द मला आता ऐकवत नाही.

प्रीती बोलत नाही. डबा मात्र खाल्ला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बाळ रडलं! सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. दूध ओढलं. धोका टळला, म्हणाले डॉक्टर. ऐकू नीट येतं का, ती तपासणी पुढं एकदा करून घ्या, पण काळजीचं दिसत नाही. प्रीती ढसाढसा रडली आणि तिच्याबरोबर मीही. वेगवेगळ्या बाकांवर बसून.

दुपारी आई आणि मी बाहेर पायरीवर बसलो होतो. मी म्हटलं, तू तरी का ऐकत नव्हतीस गं? ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "तुझ्या आधी एक पोरगा झाल्ता मला."

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं झाली, कुणी कधी बोललं नाही.

"असाच गुणी व्हता. रडायचा न्हाई. तवाबी हळदच म्हणलो आम्ही समदे. नाव ठेवायच्या आधीच गेल्ता. तू पयल्यांदा इचारलं तवाच मला कळलं व्हतं. पण हळद न्हाई म्हणलं असतं तर मंग त्याचंबी मलाच कबूल करावं लागलं असतं ना."

तिचा हात धरून बसले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाळ हसनाबादला घरी आलं. मी निघाले तर आई रस्त्यापर्यंत सोडायला आली. इकडंतिकडं बघितलं. म्हणाली, "त्या पोराचं एक बाहुलं करून देशील मला? पिवळं नको करू."