तुझ्या नावाचा घास

प्रिय ताई,

आज बंड्याचं वजन नऊ किलोच्या खाली आलं. आठ किलो नऊशे ग्रॅम. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण घरात ऐकणारा तो एक कुत्राच. म्हणून तुला लिहायला बसले. शिवाय काल एक गोष्ट कळली, तिचा राग तुझ्यावर काढायचाच आहे. ती शेवटी सांगते.

तुला जाऊन सात महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही. कारण सांगू? मी रुसले होते. चौपन्न वर्षांची बाई मेलेल्या बहिणीवर रुसते, हे कुणाला सांगायची सोय आहे का?

तुला आठवतं का, हॉस्पिटलमध्ये तू मला काय म्हणालीस ते? आदल्या दिवसापासून तू बोलत नव्हतीस. मी तुझा हात धरून बसले होते. मला वाटत होतं, तू आता काहीतरी म्हणशील. नले, जेवत जा. नले, एकटी पडशील गं. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "नले, बंड्याचे पाय बघ गं." बस. ते शेवटचं. माझ्यासाठी एक शब्द नाही!

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तू अठराची. तेव्हापासून तू माझी आई. मला भरवलंस, शाळेत घातलंस, लग्नाचं नाव काढलं नाहीस. साड्यांना फॉल लावून लावून तुझ्या बोटांची चाळण झाली. मी नोकरीला लागले तरी तू मला "आमची बेबी" म्हणायचीस. ऑफिसातल्या लोकांसमोरसुद्धा! मी लाजायचे, पण आवडायचं.

मग सात वर्षांपूर्वी कुणीतरी जिन्याखाली टाकून दिलेलं ते पांढरं पिल्लू तू पदरात घालून वर आणलंस. "बघ, आमची नवी बेबी!" असं सगळ्या मजल्याला सांगितलंस. मी हसले. पण मला ते लागलं होतं, ताई.

आणि ती वाटी! माझ्या पाचव्या वाढदिवसाला आईने भांडेवाल्याकडून नाव कोरून घेतलेली स्टीलची वाटी. 'चि. नलिनीस'. तिच्यात तू त्याला वरणभात द्यायला लागलीस. वर तूप. गोळे करून, ओळीने मांडून, मला लहानपणी मांडायचीस तसे. मी एकदा म्हटलं, "ताई, ती माझी वाटी आहे." तू म्हणालीस, "अगं, तू आता तिच्यात जेवणार आहेस का?" नव्हते जेवणार. पण म्हणून काय?

मी सात-सव्वासातला घरी यायचे, तर तू मान वर करून बघायचीही नाहीस. खाली बसून त्याच्या पायांना तेल चोळत असायचीस. "आलीस? चहा ओट्यावर आहे." एवढंच. चहा मात्र वाफाळता असायचा. दिवसभर ऑफिसात कुणी माझ्याशी फारसं बोलत नाही, मीही कुणाशी बोलत नाही. घरी आल्यावर तुझं सगळं बोलणं त्याच्याशी. कुत्र्याचा हेवा करणं बरं दिसत नाही, म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही.

तर मी त्याचे पाय बघितले. तू सांगितलंस म्हणून.

तुझे दिवस झाल्यावर दोन महिन्यांनी त्याला परळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पिशवीत घालून, कारण जिना उतरताना तो केकाटायला लागला होता. मागच्या गुडघ्याची वाटी सरकते आणि सांध्यांना सूज आहे, असं त्या म्हणाल्या. मग वजन केलं. दहा किलो तीनशे. "एवढ्याशा कुत्र्याला साडेसात पुष्कळ झालं. हे ओझं असंच राहिलं तर काही महिन्यांत मागचे पाय उचलणार नाही हा. ऑपरेशनसुद्धा या वजनावर नको वाटतं. काय खातो?" मी सांगितलं, वरणभात, तूप, चहात बुडवलेलं बिस्कीट, खारी. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "इतके लाड कोण करतं?"

"माझी बहीण," मी म्हटलं. "करायची."

त्यांनी सगळं नीट लिहून दिलं होतं. काय द्यायचं, किती, कसं हळूहळू कमी करायचं. आता जे सांगते ते तुला आवडणार नाही. मी तो कागद बाजूला ठेवला आणि त्याचं खाणं एका दिवसात निम्म्यावर आणलं. लवकर उतरेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगू? तो रिकामी वाटी चाटत माझ्याकडे बघायचा, तेव्हा मला आतून बरं वाटायचं. आता कळू दे तुलाही, ती नाही म्हणजे काय! असं वाटायचं मला. मुक्या जनावराबद्दल.

शेजारच्या सावंतकाकू तेव्हा महिनाभर गावाला गेल्या होत्या. मी दार ओढून ऑफिसला जायचे, तो आत एकटा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो पिवळं पाणी ओकला आणि थरथरत उभा राहिला. पाय उचलेना. मी त्याला तसाच उचलून टॅक्सीत घातला. टॅक्सीत त्याने डोकं माझ्या मनगटावर टेकवलं. इतकं हलकं डोकं, ताई! मला रडू आलं. तुझ्यामागे पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाईंनी माझी चांगलीच हजेरी घेतली. "उपाशी ठेवून वजन उतरवायचं नसतं हो. चरबी राहते आणि अंगातली ताकद जाते. ताकद गेली तर सांध्यांना आधार कुणाचा? आठवड्याला शंभर ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ." मी मान खाली घालून ऐकलं. शिक्षा झालेल्या मुलीसारखं.

मग मात्र मी कागदाप्रमाणे वागले. स्वयंपाकाचा छोटा काटा आणला. त्यांनी सांगितलेलं खाणं तोलून बघितलं, तर माझी ती वाटी सपाट भरली की नेमकं एका वेळचं होतं. सकाळी एक, संध्याकाळी एक. कॉटवर उडी नाही, जिना नाही. गुळगुळीत लाद्यांवर जुन्या सतरंज्या टाकल्या. गॅलरीत सपाटीवर दहा मिनिटं चालणं, सकाळ-संध्याकाळ. आणि दर रविवारी नाक्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन. पहिल्या रविवारी त्याने पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, पेपर कम, कुत्ता ज्यादा!"

पण वजन उतरेना! सावंतकाकू गावाहून आल्या होत्या. मी ऑफिसात असताना बंड्याला त्या बघायला लागल्या आणि तेव्हापासून काटा वर चढायला लागला. पन्नास ग्रॅम, सत्तर ग्रॅम. मी वाटी दोनदा तोलायचे. रद्दीवाला म्हणाला, "आप नाप के खिलाते, ये बिना नाप के खाता है."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. "आणि आजूबाजूला?"

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाराला घरी आले. तिसऱ्या मजल्यावर पोचले तर बंड्या गॅलरीत. लंगडत एका दारापाशी गेला, बसला. पवारांची सून बाहेर आली, तूप लावलेला पोळीचा तुकडा त्याच्या तोंडात दिला आणि म्हणाली, "घे रे, ताईंच्या नावाचा." तो उठला, पुढच्या दारापाशी जाऊन बसला.

ताई, मी ओरडले. मी! सगळा मजला बाहेर आला. "हे काय चाललंय? त्याचे पाय जाताहेत!"

सावंतकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो, ओरडतंस कित्याक? तिच्या नावाचो एक घास तो. कुत्र्याच्या तोंडातसून तिका पोचता. मी एकच दितंय."

"मीपण एकच देते," पवारांची सून म्हणाली.

"आम्हीपण एकच," पलीकडून आवाज आला. "तेही तुम्हाला कळू न देता. म्हटलं, तुम्ही आधीच दुःखात."

नऊ खोल्या, नऊ घास. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच देतो! सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि काकूंना आधी हसू आलं. मग सगळ्यांनाच.

मला नाही आलं. मी आत जाऊन दार लावून घेतलं. बंड्याच्या पायांवरून राग होताच, पण त्याहून दुसरंच काही टोचत होतं. तू या सगळ्यांची एवढी कधी झालीस? पवारांची सून सांगते, तू तिला शिलाई मशीन शिकवलंस. काकू सांगतात, तू त्यांच्याबरोबर रोज दुपारी पत्ते खेळायचीस. पत्ते! तुला पत्ते येतात हेच मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तू गेलीस ती फक्त माझी गेलीस. आणि तुझ्या नावाचा घास सगळ्या मजल्याने काढला होता. मी सोडून.

मग मी तुझ्यामागे पहिल्यांदाच दारोदार गेले, बंड्याला घेऊन. प्रत्येक दारात थांबून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना विचारून आले होते: घास बंद करायचा नसेल तर उकडलेल्या दुधीचा नाहीतर गाजराचा एक बारीक तुकडा, बिनमिठाचा, बिनफोडणीचा.

काकू म्हणाल्या, "दुधी? ताईक दुधी आवडा नाय!"

"तिला नसेल आवडत. त्याला आवडतो," मी म्हटलं. जन्मभर दुधीला नाक मुरडलंस ना? आता तुझ्या नावाने रोज नऊ घरचा दुधी. बरं झालं!

तेव्हापासून काटा उतरतो आहे. ऐंशी ग्रॅम, शंभर ग्रॅम. आता तो गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जातो. लंगडतो, पण जातो.

आता कालची गोष्ट.

रोज संध्याकाळी बंड्या जिन्याजवळच्या कोपऱ्यात, कठड्याच्या गजांमधून खाली गेटाकडे बघत बसलेला असतो. तुला त्याच गेटातून नेलं. मला वाटायचं, तो तुझी वाट बघतो. मी जिना चढून येते तेव्हा तो आपल्या दाराकडे निघालेला असतो, पण ते वाटीसाठी, असं मी धरून चालले होते.

काल मला सुट्टी होती. संध्याकाळी त्याला गॅलरीत चालवत होते. सात वाजून गेले आणि तो त्या कोपऱ्यात जाऊन बसला. उठेना. मी पट्टा ओढला. "चल रे. ती नाही येणार आता."

काकू दारात तांदूळ निवडत होत्या. "कोण ती?"

"ताई. दुसरी कोण?"

"अगो खुळे, तो ताईची वाट बघणा नाय. तो तुझी बघता."

"मी इथेच आहे की!"

"हय आसस, पण गेटातसून खय इलंस?"

खरंच, काल मी गेटातून आलेच नव्हते. मग काकूंनी सांगितलं. बंड्या यायच्या आधीपासून तू रोज त्या कोपऱ्यात उभी राहायचीस. तो आल्यावर त्याला कडेवर घेऊन. मी गेटात दिसले की त्याच्या कानात म्हणायचीस, "आली बघ आपली बेबी. चल, चहा टाकू." आणि आत पळायचीस. माझे तीन जिने चढून होईपर्यंत चहा उकळलेला, आणि तू खाली बसून तेल चोळतेयस, जशी काही तासभर हललीच नाहीस!

ताई, तू मला का नाही सांगितलंस? काकूंना माहीत, त्या कुत्र्याला माहीत, मलाच नाही? मी दमून, खाली मान घालून यायचे. एकदासुद्धा वर बघितलं नाही. पण तू हाक मारायला काय हरकत होती गं?

काकू म्हणाल्या, "जा खाली, नि गेटातसून ये. बघ."

मी घरच्या कपड्यांत, चपला अडकवून तीन जिने उतरले. गेटाबाहेर गेले आणि परत आत आले. आणि वर बघितलं. दोन गजांमध्ये पांढरं तोंड. तो एकदा भुंकला, उठला, वळला आणि आपल्या दाराकडे चालायला लागला. कुणाच्या कडेवर नाही. स्वतःच्या चार पायांवर.

मी वर आले तेव्हा तो ओट्यापाशी बसला होता. चहा नव्हता. मी केला.

हेवा गेला, असं तुला खोटं सांगणार नाही. रोज संध्याकाळी तू जे त्याच्या कानात बोललीस, ते माझं होतं. ते त्याने ऐकलं, मी नाही. पण आता ते त्याच्याकडेच आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही. म्हणून तो चालता राहायला हवा. त्या कोपऱ्यापर्यंत तरी.

तर ताई, साडेसात किलोपर्यंत आणीन त्याला. घाई करणार नाही, उपाशी ठेवणार नाही. वाटी माझी आहे, पण ती आता त्याचीच राहू दे. आजपासून दुधीचे घास दहा होतील. दहावा माझा, तुझ्या नावाचा. आणि उद्यापासून रोज गेटातून आत आले की मी आधी वर बघीन.

तुझी,
बेबी