वागीने दांडा सोडला नाही

कोकोडाच्या डोंगरवाटेवरून, १९४२

लाडके कोनिओ,

मी धडधाकट आहे, एवढं वाच आणि खाली बस. बातमी तुझ्या भावाची आहे. वागी जिवंत आहे.

काल आम्ही सहा हमाल एका जखमी ऑस्ट्रेलियन शिपायाला स्ट्रेचरवर घेऊन ओढा ओलांडत होतो. त्याच्या मांडीचं हाड बाहेर आलं होतं. मध्यावर पोचलो आणि झाडीतून जपान्यांनी मशिनगन सुरू केली. आमच्यातल्या हेनाओच्या तोंडावर गोळी बसली. पाण्याने त्याला ओढून नेलं.

शिपाई ओरडला, "मला टाका आणि पळा, मूर्खांनो!"

"गप पड रे," वागी म्हणाला, "हललास तर सगळेच बुडू."

तेवढ्यात वागीच्या कोपराच्या चिंधड्या उडाल्या. त्याने स्ट्रेचरचा दांडा दुसऱ्या खांद्यावर घेतला, काठापर्यंत रक्त गाळत आला आणि कोसळला.

तो शिपाई आपणहून स्ट्रेचरवरून खाली चिखलात लोळला. "आता याला घ्या," म्हणाला. मग वागीला स्ट्रेचरवर घातलं, शिपायाला मी पाठुंगळी घेतलं.

डॉक्टरांनी वागीचा हात कापला. पुढच्या बोटीने तो घरी येईल. आईला तू आधीच सांगून ठेव. बाळाचा खोकला गेला का? मला उद्या पुन्हा वर लढाईकडे जायचंय.

शुद्धीवर येताच वागीने विचारलं, "तो वाचला ना?" मी हो म्हणालो. शिपायाने वाटेतच माझ्या पाठीवर प्राण सोडला होता. वागीने तुला विचारलं, तर तूही हो म्हण.

तुझाच,
इगो